मस्कतमधला शनिवार

गुरुवार

माझ्या बॅगेत माझं सामान जेमतेम सहा किलो होतं. बाकीचं सगळं लोकांचं. वर्तमानपत्रात एकेक करून गुंडाळलेली पंचवीस सुगडं, हलव्याच्या दागिन्यांचे दोन डबे, चिकीचा गूळ, डिंक, मेतकूट आणि एका आईने सांगलीहून मुद्दाम पोचवलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी. ताईने फोनवर दोनदा बजावलं होतं, "खसखस चुकूनसुद्धा आणू नकोस." आखातातल्या बऱ्याच देशांत खसखशीवर बंदी असते, त्यामुळे तिकडे जाणारी प्रत्येक बाई आधी मसाल्याचा डबा तपासते.

मुंबईहून मस्कत जेमतेम तीन तासांवर, आणि तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे. सकाळी निघालेली मी जेवायच्या वेळेला अल खुवैरमधल्या ताईच्या घरी पोचले होते. बारा वर्षांत तिच्याकडे माझी ही पहिलीच खेप. मनात एक जुनी तक्रारही होती, आईची आणि माझीही. केव्हाही फोन करा, ताई कुठेतरी बाहेर असायची. कुणाकडे तरी निघालेली, नाहीतर कुणाकडून तरी येत असलेली. "तिथे तिला काय काम असतं एवढं?" असं आई विचारायची आणि आम्ही सगळे हसायचो.

संध्याकाळी मत्राचा बंदराकाठचा जुना बाजार. इथली दुकानं दुपारी बंद होतात आणि ऊन उतरल्यावर पुन्हा उघडतात. समुद्राकाठच्या रस्त्यावर पांढऱ्या घरांची रांग, मागे लगेच काळेकरडे उघडे डोंगर आणि मध्ये त्या बाजाराचं तोंड. आत शिरताच धुराचा वास अंगावर येतो. तो लुबानचा, दक्षिणेकडच्या धोफारमधल्या झाडांच्या डिंकाचा. तिथल्या लुबानच्या प्रदेशाला २००० साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ताईने दुकानदाराला चार परातींतले खडे तळहातावर घ्यायला लावले, दिव्याखाली धरले आणि पांढऱ्यावर किंचित हिरवी झाक असलेले होजरी जातीचे निवडले. "आता पंचेचाळीस पुड्या करून द्या," ती हिंदीत म्हणाली. शनिवारच्या हळदीकुंकवाचं ते वाण होतं. ज्यांच्या घरी कार्यक्रम त्या पुण्याच्या वहिनींनी वाण आणायचं काम ताईकडे दिलं होतं.

भाव हिंदीत चालला होता, आणि गल्ल्यावरचा म्हातारा ओमानी गृहस्थ अधूनमधून हिंदीतच बोलत होता. मला नवल वाटलं, ताईला नाही. १९७० पर्यंत इथे आपला रुपया चालायचा. १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढत असे. या बंदरातला कच्छी भाटियांचा व्यापार तर त्याहून कितीतरी जुना. आपण परदेशात आलोय म्हणावं, तर इथे आपली पावलं आधीच उमटलेली असतात.

शुक्रवार

निझवा, किल्ल्याचं गाव. पहाटे पाचला निघून सातच्या आत पोचलो, कारण शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजार लवकर उरकतो. गोलाकार वाटेवरून विकणारे बकऱ्या फिरवतात, घेणारे आतबाहेर बसून हात वर करतात. चेहऱ्यावर मुखवट्यासारखा बुरखा घातलेल्या बेदुईन बायका जनावराचे दात आणि कास स्वतः तपासून भाव करतात. आमच्या मिरजेच्या बाजाराची फार आठवण झाली.

किल्ल्याचा प्रचंड गोल बुरूज सतराव्या शतकातला, इमाम सुलतान बिन सैफचा. १६५० मध्ये पोर्तुगीजांना मस्कतमधून हुसकावलं ते यानेच. जिन्याच्या वर भोकं आहेत, शत्रू आला की त्यातून खजुराचा उकळता पाक ओतायचा. तो पाक जमवायची खोलीही खाली दाखवतात. खजुराच्या गोण्या एकमेकींवर रचायच्या, वरच्या वजनाने खालच्यांतून पाक झिरपतो आणि जमिनीतल्या पन्हळींतून कुंडीत उतरतो. ताईने तिथूनच खजूर घेतला. दुपारी परतलो आणि रात्री बारापर्यंत तीळ-खजुराचे लाडू वळले.

शनिवार

साडेपाचला ताईने उठवलं. कुरुमच्या किनाऱ्यावर चालायला जायचं होतं. जानेवारीतलं मस्कत म्हणजे आपल्याकडची दिवाळीतली पहाट, शाल लागते आणि नकोशीही होते. चौघीजणी आधीच आलेल्या होत्या. नागपूरच्या वहिनी, नाशिकची एक धाकटी, पुण्याच्या वहिनी आणि शेजारची मल्याळी चेची, जिला मराठी बोलता येत नाही पण समजतं सगळं. त्या चालतात झपाझप आणि बोलतात त्याहून भराभर. कुणाच्या सासऱ्यांची अँजिओग्राफी, कुणाच्या मुलाची दहावी, कुणाच्या नवऱ्याची नोकरी जाणार अशी कुजबुज. "त्यांचं भाडं या महिन्याचं भागलंय ना?" "विचारते मी, तुम्ही नका विचारू, तिला अवघड वाटेल." हे वाक्य मी मुद्दाम लक्षात ठेवलं. कुणी विचारायचं आणि कुणी नाही, हेही त्यांनी ठरवून टाकलेलं होतं.

परतताना नागपूरच्या वहिनी माझ्याबरोबर जरा मागे राहिल्या. २०२० च्या एप्रिलमध्ये त्यांचे वडील गेले तेव्हा विमानं बंद होती आणि इथे एकमेकांच्या घरी जाणंही बंद. त्यांनी वडिलांना शेवटचं पाहिलं ते फोनच्या पडद्यावर. "तुमची ताई रोज पाच वाजता आमच्या इमारतीखाली येऊन उभी राहायची," त्या म्हणाल्या. "वर येता येत नव्हतं. मी बाल्कनीत, ती खाली गाडीपाशी. पंधरा मिनिटं. दहाही दिवस. बोलायचीसुद्धा नाही फारसं."

ही गोष्ट आमच्या घरात कुणालाही माहीत नव्हती. त्या दिवसांत पाचच्या सुमाराला आई फोन करायची आणि ताई उचलायची नाही, तेवढं आम्हाला आठवतं.

नऊ वाजता मराठीचा वर्ग. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, म्हणून वर्ग शनिवारी. एका घराच्या मोठ्या खोलीत सतरंजीवर अठरा मुलं, हातात बालभारतीची पुस्तकं. ताई लग्नाआधी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायची. इथे ती जॉइनिंग व्हिसावर आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या या व्हिसावर बायकोला नोकरी करता येत नाही. मग तिने हा वर्ग काढला, फी न घेता, आणि आज त्याला आठ वर्षं झाली.

धड्यात रिमझिम पाऊस होता. एका सातेक वर्षांच्या मुलीने विचारलं, "रिमझिम म्हणजे किती?" मस्कतमध्ये वर्षभरात मिळून जेमतेम दहा सेंटीमीटर पाऊस पडतो, आणि तोही आला की एकदम येतो. कोरड्या वाद्या, म्हणजे एरवी सुके असलेले ओढे, दुथडी भरून वाहतात, रस्ते बंद होतात, शाळा सुट्टी देतात. त्या मुलीला पाऊस म्हणजे तेवढाच माहीत. ताईने सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि तळहातावर आधी एक बोट, मग दोन, मग चार बोटं वाजवायला लावली. खोलीभर रिमझिम सुरू झाली. माझे डोळे भरून आले. पुढे ज्या आया विचारतील की या वर्गाला मान्यता आहे का, प्रमाणपत्र मिळतं का, त्यांना मी हेच सांगेन.

अकरा वाजता वरच्या मजल्यावरच्या ओमानी शेजारणीकडे कहवा, म्हणजे तिकडची कॉफी. तिला नावाने कुणी हाक मारत नाही. मोठ्या मुलाचं नाव घेऊन 'उम्म अमुक', म्हणजे अमुकची आई. आमच्या वाड्यात आईलाही सगळे असंच हाक मारायचे. ती शाळेत शिक्षिका आहे. १९७० साली या देशात तीन शाळा होत्या आणि त्यांतली एकही मुलींची नव्हती, हे तिने मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज वर्गात असावा तसा झाला.

आधी खजूर, मग फळं, मग दल्ल्यातून छोट्या फिंजानमध्ये वेलचीचा कहवा. कप रिकामा झाला की ती भरतच राहते. पुरे असेल तर कप हलकेच डोलवायचा. मला ताईने आधी सांगितलं नव्हतं, मी सात कप प्यायले. तिचं घराणं आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांजिबार बेटावरचं. तिथे ओमानी सुलतानांची राजवट होती ती १९६४ च्या क्रांतीत गेली, माणसं होरपळली, आणि १९७० नंतर बरीचशी कुटुंबं ओमानला परतली. तिची आई इथे आली तेव्हा तिला अरबी धड येत नव्हतं, घरात स्वाहिली. "आपल्याच देशात आई परकी होती," ती म्हणाली. "म्हणून तुमची ताई इथे राहायला आली त्या दिवशी मी जेवण घेऊन खाली गेले." स्वाहिलीत पोळीला चपातीच म्हणतात आणि मोटारीला गारी. या दोन शब्दांवर आम्ही तिघी किती तरी वेळ हसलो.

निघायच्या सुमाराला तिने मबखऱ्यात, म्हणजे धुपाटण्यात, निखारा ठेवून ऊद टाकला आणि धूर प्रत्येकीच्या ओढणीखालून, केसांखालून फिरवला. मग अत्तर. अरबीत म्हण आहे, उदानंतर बसणं नाही. त्यांचा ऊद म्हणजे अगरूचं लाकूड, आपला ऊद म्हणजे डिंक. नाव एक, वस्तू दोन. पण पाहुणीला सुगंध लावून निरोप द्यायचा ही रीत मात्र आपली अत्तरदाणी आणि गुलाबदाणीचीच.

दुपारी पुण्याच्या वहिनींच्या ओट्यापाशी सातजणी गूळपोळ्या लाटत होत्या. खसखस नाही म्हणून सारणात तीळ आणि भाजलेलं बेसन जास्त. एकीने लाटायचं, एकीने भाजायचं, एकीने कागदावर पसरायचं. साठ पोळ्या दोन तासांत. जेवण उभ्या-उभ्याच झालं, पिठलं-भात.

तीन वाजता बाळंतिणीकडे. ही जळगावची, पहिलटकरीण. तिच्या आईचा पासपोर्ट वेळेत झाला नाही, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन. तिच्या स्वयंपाकघरातल्या कपाटावर एक कागद चिकटवलेला होता. त्यात चाळीस दिवस, आणि प्रत्येक दिवसापुढे दोन नावं. एक बाळाच्या आंघोळीची, एक डब्याची. मी आणलेला डिंक कुठे जाणार होता ते मला तेव्हा कळलं. त्या दिवशीची आंघोळ चेचीची होती, ती आपल्या पद्धतीने खोबरेल तेल चोळत होती आणि मल्याळीत गात होती. शेक-शेगडी फ्लॅटमध्ये करता येत नाही, धुराचा भोंगा वाजतो. मग विजेच्या मबखऱ्यावर ओवा, बाळंतशेपा आणि लुबानचे दोन खडे टाकून खिडकीपाशी हलकी धुरी. पोर टक्क डोळ्यांनी त्या वासाकडे बघत होतं. आपल्या पणजीला ही धुरी दाखवता आली असती तर तिने आधी नाक मुरडलं असतं आणि मग कृती लिहून घेतली असती, असं मला वाटलं.

आम्ही निघताना बाळंतीण रडली. "आईने केलं असतं तसं सगळं होतंय," ती म्हणाली, "पण आई नाहीये." कुणी तिला समजावलं नाही. पुण्याच्या वहिनी तिच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या बसल्या, आणि साडेचार वाजून गेले तरी उठल्या नाहीत, स्वतःच्या घरी पाचला हळदीकुंकू असताना.

हळदीकुंकू शेवटी पावणेसहाला सुरू झालं. मी आणलेली सुगडं चौरंगावर मांडली होती. त्यांत गाजर, हरभरे, उसाची करवं, आणि मस्कतच्या रुवी भागातल्या दुकानात मिळालेली बोरं. पंचवीसपैकी दोन प्रवासात फुटली होती, ती कुणी टाकली नव्हती, तुकडे तुळशीत खोचले होते. काळ्या चंद्रकळा, काळे ड्रेस, एकीने काळ्या अबायावर हलव्याचा हार. बारा महिन्यांच्या आतल्या दोन बाळांचं बोरन्हाण आधी उरकलं. त्यात बोरांपेक्षा चॉकलेटं जास्त होती आणि मोठी मुलं त्यावर तुटून पडली.

आणि मग जे झालं त्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं आहे.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर ठाण्याच्या मावशी बसल्या होत्या. त्यांचे यजमान तीस वर्षं रुवीत नोकरीला होते आणि इथेच गेले. आता त्या मुलाकडे असतात. पुण्याच्या वहिनी करंडा घेऊन उठल्या आणि सरळ त्यांच्याकडे गेल्या. पहिलं हळदीकुंकू त्यांना. मावशींनी मान किंचित पुढे केली, वर्षानुवर्षं करत आल्यासारखी. ओटी, तिळगूळ, लुबानची पुडी. खोलीत कुणीही थबकलं नाही, गप्पासुद्धा थांबल्या नाहीत.

मी थबकले. आमच्या सांगलीच्या घरी मोठी काकू गेली अकरा वर्षं संक्रांतीला स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. हेरवाड आमच्यापासून किती लांब? शिरोळ तालुक्यातलं गाव. त्या गावच्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, महिन्याच्या आत सरकारने साऱ्या राज्यासाठी परिपत्रक काढलं. आम्ही बातमी वाचली, चांगलं झालं म्हणालो, आणि पुढच्या संक्रांतीला काकू आतच राहिली. नंतर ताईला विचारलं, तुम्ही हे कसं ठरवलं? ती म्हणाली, "ठरवलं कुठे? त्या एका वर्षी आल्याच नाहीत. मग आम्ही सगळ्या करंडा घेऊन त्यांच्या घरी गेलो." दोघींना ते पटलं नव्हतं. त्यांतली एक पुढच्या वर्षी स्वतः त्यांना गाडीतून घेऊन आली, दुसरी येईनाशी झाली.

चेचीने कुंकू लावून घेतलं. ओमानी शेजारीण आली, तिने हळदीकुंकू घेतलं नाही, कुणी पुढेही केलं नाही. तिच्या मनगटावर अत्तर लावलं, हातात तिळगूळ आणि गुलाबाचं फूल दिलं. लुबानची पुडी पाहून ती म्हणाली, "होजरी! कुठून घेतलात?" आणि दर विचारून घेतला.

उखाण्यांचा आग्रह झाला. नाशिकची धाकटी, जी बँकेतली नोकरी सोडून आली आणि ज्या दिवसापासून आली त्या दिवसापासून परत जायचं म्हणते असं मी सकाळी ऐकलं होतं, ती उठली :

"ओमानच्या डोंगरावर गवताची नाही काडी,
…रावांच्या संसारात लागली मला गोडी."

टाळ्या पडल्या. तिने नाव घेताना डोळे खाली केले होते, आणि ते खरं होतं की उखाणा होता ते मला कळलं नाही. सगळ्या गेल्यावर पुण्याच्या वहिनी तिला म्हणाल्या, "तू थांब, भांडी आवरू." भांडी आवरलेली होती.

रात्री साडेनऊला विमानतळ. कुणाची तरी सासू परत निघाली होती, तिच्या हाती औषधं, कागद, राखून ठेवलेल्या गूळपोळ्या. ताईने चिठ्ठ्या तपासल्या आणि प्रत्येक पुडक्यावर फोन नंबर आहे ना ते पाहिलं. घरी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. आईचे तीन मिस्ड कॉल होते. ताई म्हणाली, "आता झोपली असेल," आणि तशीच सोफ्यावर झोपी गेली. तिच्या पायांतले जोडवे तेवढे दिव्याखाली चमकत होते. मी तिच्या अंगावर शाल टाकली.

रविवार

सकाळी सुलतान काबूस मशीद पाहिली. बिगरमुस्लिमांना शुक्रवार सोडून रोज आठ ते अकरा आत जाता येतं, बायकांनी केस, मनगटं, घोटे झाकायचे. २००१ मध्ये उघडलेल्या या इमारतीला आपल्याकडचा वालुकाश्म लागला आहे, तीन लाख टन. आतला गालिचा ४,३४३ चौरस मीटरचा, एकसंध दिसणारा. इराणच्या खोरासानमधल्या सहाशे विणकर बायकांनी चार वर्षं हाताने विणलेला, १७० कोटी गाठींचा. झुंबराकडे सगळे माना वर करून बघतात. ताई गालिच्याच्या कडेला उकिडवी बसली आणि एका वेलबुट्टीवर नजर ठेवून किती तरी वेळ तशीच राहिली. "सहाशेजणी," ती म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीत काय बोलत असतील गं?"

सोमवारी पहाटे मी निघाले. बॅग पुन्हा तीस किलोची, पुन्हा बहुतेक लोकांची. पहिलं पुडकं त्याच आठवड्यात सांगलीत पोचवलं, लोणचं पाठवणाऱ्या आजींकडे. त्यांनी लुबानची पुडी उघडून वास घेतला, लाडू मुलासाठी बाजूला ठेवले आणि विचारलं, "बारीक झालीये का गं ती?"

मी चप्पल काढून आत जाऊन बसले आणि शनिवारच्या पहाटेपासून सांगायला सुरुवात केली. परत येताना वाटेत काकूकडे थांबले. माझ्याकडे अजून एक पुडी उरली होती.